पश्चिमेची भिंत, गणपती आणि वॉटरप्रूफ पुट्टी

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. इमारत पंचवीस वर्षांची, चार मजली. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला खिडकीखाली दर वर्षी पोपडे येतात. तीन वर्षांपूर्वी हॉलला पुट्टी मारून चांगल्यातला रंग दिला, पण दुसऱ्याच दिवाळीला फुगे आले. झाडू मारताना रोज पांढरी भुकटी निघते. आता दीड महिन्यावर गणपती आले आहेत. पेंटर म्हणतो, ‘पोपडे काढून वॉटरप्रूफ पुट्टी मारतो, पाच वर्षं बघायला नको.’ त्याच भिंतीला गडद निळा देऊन पुढे मखर मांडायचा विचार आहे. बेडरूम (10 बाय 12) मी आणि मुलगा मिळून रंगवू शकतो का? तिथे जुना डिस्टेंपर आहे, हात लागला की हाताला पांढरं लागतं. दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट बिल्डरने दिला तोच आहे, तोही बदलायचा आहे. घरात दोन वर्षांचा नातू आहे.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, पश्चिमेची भिंत गणपतीआधी रंगवू नका. कितीही भारी डबा आणला तरी पुढच्या दिवाळीला तुम्ही पुन्हा हेच पत्र लिहाल. बेडरूम मात्र खुशाल हाताशी घ्या, ती तुम्हा दोघांना सहज जमेल. दारं-खिडक्या पाऊस गेल्यावर.

आता भिंतीचं बघू. तुमच्याकडे पावसाचा मारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो. बाहेरच्या प्लॅस्टरला केसाएवढी भेग असली तरी चार महिने त्यातून पाणी आत मुरतं. ते पाणी विटा, वाळू आणि सिमेंट यांतले क्षार विरघळवतं. भिंत आतल्या बाजूने वाळायला लागली की पाणी हवेत उडून जातं आणि क्षार मात्र पुट्टीच्या मागे साठून त्यांचे खडे बनतात. हे खडे वाढताना पुट्टीला मागून ढकलतात. तुमची पांढरी भुकटी म्हणजे हाच लोणा. म्हणून पोपडे भर पावसात कमी दिसतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात सुटतात. पेंटरने काम मेमध्ये केलेलं असतं, तेव्हा भिंत खडखडीत असते, आणि त्याची ‘गॅरंटी’ तेवढ्यावर उभी असते.

वॉटरप्रूफ पुट्टी हे खोटं औषध नाही, पण ते चुकीच्या बाजूने दिलेलं औषध आहे. पाणी बाहेरून येतं आणि आपण ते आतल्या बाजूला अडवतो. मग भिंत ओली ती ओलीच राहते, पाणी बाजूला सरकतं आणि वर्षभरात पोपडे फूट-दोन फूट पलीकडे, नाहीतर शेजारच्या आडव्या भिंतीवर उगवतात. शिवाय तुमच्याकडे सध्या लोणा धरलेल्या प्लॅस्टरवर काहीही मारलं तरी ते प्लॅस्टरला नाही, भुकटीला चिकटणार.

त्यामुळे पहिलं काम पाणी शोधण्याचं. ते शोधायला आत्ताचा पावसाळा सोन्यासारखा आहे, कारण उन्हाळ्यात नेमकी जागा सापडत नाही. पोपडे जिथे संपतात त्या रेषेवर पेन्सिलीने खूण करा आणि तारीख लिहा. जोराचा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी ओल किती सरकली ते बघा. पावसाबरोबर वाढत असेल तर पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा खिडकीतून येतंय. पाऊस नसतानाही तेवढीच राहत असेल तर भिंतीतली पाण्याची लाइन, वरच्यांचं बाथरूम किंवा त्यांच्या मोरीची नहाणी (पाणी जाण्याची जाळी) तपासायला हवी. आणखी एक चाचणी आहे. दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा रंग खरवडलेल्या जागी चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या अंगाला जमले तर तो घरातल्या दमट हवेचा दोष, त्याला खिडकी उघडी ठेवणं आणि एक्झॉस्ट पंखा पुरतो.

खिडकीखालचेच पोपडे असल्यामुळे माझा पहिला संशय खिडकीवर आहे. या चार जागा नीट बघा : ॲल्युमिनियमची चौकट आणि भिंत यांच्यातली फट, खिडकीच्या खालच्या कडप्प्याचा किंवा संगमरवराचा उतार (तो बाहेरच्या बाजूला हवा, पुष्कळदा आत असतो), बाहेरची ग्रील ज्या बोल्टांवर बसवली आहे ती भोकं, आणि एसीची नळी जिथून जाते ते भोक. एक तांब्या पाणी कडप्प्यावर ओतून बघा, ते कुठे वाहतं ते लगेच कळेल. खिडकीच्या वरचा सज्जाही (छज्जा) बघा. सज्जा आणि भिंत यांच्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई, म्हणजे वाटा, फुटलेला असेल तर पाणी तिथे साचून आत शिरतं. खाली अंगणात उभं राहून मोबाइलचा कॅमेरा झूम करून बाहेरची भिंत न्याहाळा. पाइपाच्या मागे पिंपळाचं रोप दिसलं तर तिथे भेग आहे म्हणून समजा. नुसती फांदी तोडून उपयोग नसतो, मुळासकट काढून भेग भरावी लागते.

एवढं झालं की हॉलच्या भिंतीवर ब्रशच्या दांड्याने टकटक करत फिरा. टणक आवाज आला तर प्लॅस्टर धरून आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर ते विटेपासून सुटलं आहे, तिथे पुट्टी मारून भागणार नाही. आणि वरच्या बीमला किंवा स्लॅबला तपकिरी डाग, लांब सरळ भेगा किंवा गंजलेली सळई दिसत असेल तर पेंटर बाजूला ठेवा आणि सोसायटीला कळवा. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तुमच्या इमारतीचं शेवटचं कधी झालं, हे सेक्रेटरींना विचारायला हरकत नाही.

बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती हा त्याच उपविधींप्रमाणे सोसायटीचा खर्च आहे, तुमचा नाही. दोन फ्लॅटमधल्या बाथरूमची गळती ती ज्याची त्याची. म्हणून आत्ताच फोटो, तारखा आणि पेन्सिलीच्या खुणांसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेली गळती कमिटीच्या लक्षात पुढच्या मिरगापर्यंत राहत नाही.

पाऊस गेल्यावर बाहेरून काय करून घ्यायचं तेही माहीत असू द्या, नाहीतर भेगांवर वरवर सिमेंटचं पाणी फिरवून काम झालं म्हणतील. भेग इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची रुंद करायची, धूळ काढायची, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायची, आणि मग पूर्ण भिंतीला लवचीक, बाहेरचा वॉटरप्रूफ रंग दोन हात. नुसत्या भेगेपुरता पट्टा मारला की दुसऱ्या पावसात पट्ट्याच्या कडेने पाणी शिरतं. खिडकीची फट सिमेंटने नको, बाहेरून वापरायच्या सिलिकॉनने किंवा पॉलियुरेथेनच्या सीलंटने भरा. ॲल्युमिनियम उन्हाने प्रसरण पावतं, सिमेंट तिथे वर्षभरात सुटतं.

आतली भिंत त्यानंतर. पोकळ वाजणारं प्लॅस्टर विटेपर्यंत उतरवायचं, आणि ते डागाच्या कडेच्या पलीकडे फूटभर जास्तच. विटा ओल्या करून 1:4 प्रमाणात, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग चाळलेली वाळू, नवं प्लॅस्टर करा. त्यात वॉटरप्रूफिंगचं द्रव 50 किलोच्या गोणीला 200 मिली. जुन्या-नव्या प्लॅस्टरच्या सांध्यावर फायबरची जाळी हवी, नाहीतर तिथे चौकोनी भेग उमटते आणि रंगाआडूनही दिसत राहते. सात दिवस पाणी मारा, त्यानंतर किमान महिनाभर नुसतं वाळू द्या. या ठिकाणी घाई झाली की सगळं मुसळ केरात. हिशेब केलात तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाहेरचं, डिसेंबरात प्लॅस्टर आणि जानेवारीच्या अखेरीस पुट्टी-रंग. पुढचा गणपती निर्धास्त.

मग या गणपतीला काय? पोपडे पत्र्याने (पुट्टीच्या पातीने) खरवडून काढा. लोणा कोरड्या ताठ ब्रशने झाडा आणि सुपडीत गोळा करा. ओल्या फडक्याने पुसू नका, पाण्यात तो विरघळतो आणि परत भिंतीत जातो. काळी बुरशी असेल तर घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे तीन भाग करून लावा, पंधरा मिनिटांनी पुसून घ्या. खिडकी उघडी, हातात रबरी मोजे, आणि ब्लीचमध्ये ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. त्यानंतर उघड्या प्लॅस्टरवर चुन्याचे दोन पातळ हात द्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, ओल बाहेर पडत राहते, बुरशीही सहसा धरत नाही, आणि जानेवारीत तो खरवडून निघतो. रात्री भिजवून सकाळी फडक्यातून गाळून घ्या. डोळ्यांत उडणार नाही याची काळजी घ्या, चष्मा लावा. नातू त्या वेळी घराबाहेर.

मखर भिंतीला टेकवू नका. लाकडी किंवा पाइपाची चौकट उभी करून तिच्यावर कापडाचा पडदा ताणा आणि भिंतीपासून चार-पाच इंच अंतर ठेवा. मागून हवा खेळेल, कापडाला ओल लागणार नाही. तुम्हाला निळा हवाच असेल तर तो कापडात आणा. खारवलेल्या भिंतीवर गडद रंग हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण पांढरा लोणा त्यावर जितका उठून दिसतो तितका दुसऱ्या कशावर दिसत नाही. निळी भिंत हवी असेल तर ती आतली, बाहेरच्या हवेला न लागणारी निवडा.

आता बेडरूम. दोघांनी दोन शनिवार-रविवार धरले तर आरामात होईल, फक्त सलग चार-पाच कोरडे दिवस बघून सुरुवात करा. हवेत ऐंशी टक्क्यांवर दमटपणा असला तर इमल्शन (भिंतीचा पाण्यातला रंग) वाळायला दुप्पट वेळ घेतं.

सामान किती लागेल ते आधी मोजू. खोलीचा घेर 44 फूट, उंची 9 फूट धरली तर भिंती 396 चौरस फूट. दार 21 आणि खिडकी 16 वजा केल्या की साधारण 360. छत 120. सगळं मिळून 480 चौरस फूट. पाण्यातला प्रायमर एका हातासाठी अडीच लिटर पुरतो. भिंतीच्या रंगाला दोन हातांसाठी लिटरमागे 110 ते 120 चौरस फूट धरा, म्हणजे तीन-सव्वातीन लिटर; 4 लिटरचा डबा घ्या. छताला पांढरा सव्वा ते दीड लिटर. पूर्ण खोलीला पुट्टी करावी लागली तर पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीची 40 किलोची एक गोणी. पण ती लागेलच असं नाही, आणि इथेच पैसे वाचतात.

डिस्टेंपर हाताला लागतो याचा अर्थ त्यातलं बांधून ठेवणारं द्रव्य संपलं आहे. त्यावर इमल्शन मारलं तर ते सहा महिन्यांत कातडीसारखं सोलून निघेल. म्हणून डिस्टेंपर काढायचा. स्पंजाने तीन बाय तीन फुटांचा पट्टा भिजवा, दहा मिनिटं थांबा, मग चार इंची पत्र्याने खरवडा. पत्रा भिंतीला आडवा धरा, टोक रुतू देऊ नका. सगळी खोली एकदम भिजवू नका, पुढचा भाग वाळून जातो आणि दुप्पट मेहनत पडते. शेवटी स्पंजाने पुसून दोन दिवस पंखा लावून वाळवा. मग रुंद चिकटपट्टी भिंतीवर दाबून झटकन ओढा. तिच्यावर पांढरं आलं नाही तर खालचा थर पक्का आहे. तसं असेल तर पूर्ण पुट्टी करू नका, खिळ्यांची भोकं आणि खड्डे तेवढे भरा. पेंटर ‘सगळीकडे दोन हात पुट्टी’ म्हणतो, कारण चौरस फुटाचा दर त्यावर ठरतो.

भेगा भरताना एक फरक ओळखा. प्लॅस्टरमधली वेडीवाकडी, केसाएवढी भेग पत्र्याच्या टोकाने थोडी रुंद करून क्रॅक फिलरने भरली की संपली. पण कॉलम किंवा बीमच्या कडेने सरळ रेषेत जाणारी भेग दर वर्षी परत येते, कारण काँक्रीट आणि वीट ऊन-थंडीत वेगवेगळी हलतात. तिथे भेग भरून वर चार इंची फायबरची जाळीपट्टी बसवा आणि मग पुट्टीने झाका. पाच मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा एका दमात भरू नका, वाळताना मधोमध बसतो. दोन थरांत भरा.

पुट्टी कालवताना आधी पाणी, मग पावडर. उलटं केलं की गुठळ्या राहतात. एक किलोला 350 ते 400 मिली पाणी. नीट घोटा, दहा मिनिटं ठेवा, पुन्हा घोटा. श्रीखंडासारखी पत्र्यावर थांबायला हवी. दोन-अडीच तासांत संपेल एवढीच कालवा, घट्ट झाल्यावर वरून पाणी घालून परत वापरली तर ती वाळल्यावर पावडरसारखी झडते. सिमेंटची पुट्टी लावण्याआधी भिंत हलकी ओली करा, नाहीतर कोरडं प्लॅस्टर तिचं पाणी ओढून घेतं. दोन पातळ हात, दोन्हींची मिळून जाडी दीड मिलिमीटरपेक्षा जास्त नको. जुन्या रंगावर मात्र ही पुट्टी धरत नाही. जिथे रंगाचा थर पक्का म्हणून ठेवला असेल तिथे आधी प्रायमर आणि मग अ‍ॅक्रिलिक पुट्टी.

दुसऱ्या दिवशी 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, शेवटचा हात 220 चा. ऐंशीचा पेपर पुट्टीवर नको, त्याचे ओरखडे रंगातूनही दिसतात. एन-95 मास्क लावा, साधा रुमाल पुरत नाही. रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. प्रत्येक उंचवटा आणि खड्डा सावली टाकतो. त्यावर पेन्सिलीने गोल करा आणि सकाळी तेवढंच दुरुस्त करा. रंग झाल्यावर खिडकीच्या उजेडात हीच खोट रोज दिसत राहील, म्हणून या अर्ध्या तासाला पर्याय नाही. त्यानंतर ओलसर फडक्याने सगळी धूळ पुसा. घरच्या रंगकामात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे : धुळीवर प्रायमर बसतो आणि वर्षभरात पूर्ण पापुद्रा हातात येतो.

प्रायमर टाळू नका. पुट्टी केलेली जागा आणि जुनी जागा सारखा रंग ओढत नाहीत. प्रायमर नसेल तर वाळल्यावर ठिपके ठिपके दिसतात आणि दोनाचे तीन हात मारावे लागतात. प्रायमरमध्ये पाणी डब्यावर लिहिलं असेल तेवढंच, मापाच्या भांड्याने. रंगालाही तेच. बहुतेक चांगल्या इमल्शनला लिटरमागे साधारण 400 मिली लागतं. ‘पसरायला बरा जातो’ म्हणून दुप्पट पाणी घातलं की भिंत पहिल्या पावसातच फिकट दिसायला लागते.

क्रम असा : आधी छत, मग भिंती, शेवटी स्कर्टिंग. मेन बोर्डवरून खोलीचा एमसीबी बंद करून स्विचबोर्डच्या प्लेटचे स्क्रू सैल करा, म्हणजे प्लेटच्या मागेही रंग जातो. पलंग मध्यभागी ओढून प्लॅस्टिकने झाका. रंगवताना पंखा बंद ठेवा. गरम होईल खरं, पण पंख्याच्या वाऱ्याने रंगाची ओली कड लगेच वाळते आणि दोन पट्ट्यांच्या सांध्यावर गडद रेघ उमटते. एका वेळी एकच भिंत घ्या. एकाने दोन इंची ब्रशने कोपरे आणि कडा तीन इंच रंगवायच्या आणि दुसऱ्याने पाठोपाठ, त्या ओल्या असतानाच, रोलर फिरवायचा. रोलर आधी वेडावाकडा फिरवून रंग पसरवा, मग वरून खाली एकाच दिशेने हलका हात फिरवा. भिंत अर्धी सोडून जेवायला बसू नका. दुसरा हात चार तासांनी, सध्याच्या हवेत सहा-सात तासांनी. मास्किंग टेप रंग पुरता वाळायच्या आतच, तिरका ओढून काढा.

दुकानातून मशीनवर रंग बनवून घेताना शेड नंबर आणि बेसचं (शेड ज्यात मिसळतात त्या मूळ रंगाचं) नाव लिहून ठेवा. दोन डबे लागले तर दोन्ही एका मोठ्या बादलीत एकत्र करून मगच वापरा, वेगळ्या वेळी बनवलेल्या डब्यांत किंचित फरक पडतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यात दिसतो. जुन्या घराच्या भिंती थोड्या लाटा घेतलेल्या असतात, त्यामुळे बेडरूमला मॅट फिनिश घ्या. चकाकणारा फिनिश धुवायला सोपा, पण प्रत्येक लाट दाखवतो. गडद निळा घेणार असाल तर प्रायमरमध्येच थोडा निळसर टिंट करून घ्या आणि तिसऱ्या हाताची तयारी ठेवा. पक्का पिवळा आणि लाल यांनाही तिसरा हात लागतो. रंग पूर्ण मुरायला तीन-चार आठवडे जातात, तोवर भिंत धुवू नका. गणपतीच्या सजावटीची दुहेरी टेप त्या भिंतीला तर अजिबात नको, टेपबरोबर रंगही निघेल.

आता दारं-खिडक्या. इथे मला रंगापेक्षा नातवाची काळजी आहे. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घालणारे नियम 2016 मध्ये आले आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. तुमचा बिल्डरच्या वेळचा ऑइलपेंट त्याच्या बराच आधीचा आहे, म्हणजे त्यात शिसं असू शकतं. तो कोरडा घासला की त्याची धूळ जमिनीवर पसरते, रांगणारं-खेळणारं मूल हात तोंडात घालतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडंही घातक असतं. म्हणून तो जाळून किंवा मशीनने घासून काढू देऊ नका. धरून असलेला रंग काढायची गरजही नाही. पाण्यात भिजवलेल्या 220 च्या वॉटर पेपरने, ओला ठेवतच, त्याची चकाकी मारा, मळी ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधा, मग वरून नवा रंग द्या. तेवढे दोन-तीन दिवस नातवाला दुसरीकडे ठेवा आणि तो यायच्या आधी फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसा. झाडू नको.

हे काम दिवाळीच्या सुमाराला करा. दमट हवेत ऑइलपेंट आठवडाभर चिकट राहतो, खिडकी बंद केली की चौकटीला चिकटते आणि उघडताना रंगासकट निघते. पाण्यातला इनॅमल लवकर वाळतो आणि वासही कमी, लहान मूल असलेल्या घरात मी तोच सुचवेन. पण तो जुन्या चकचकीत ऑइलपेंटवर थेट धरत नाही, आधी घासणं आणि चिकटून बसणारा प्रायमर हवाच.

जानेवारीत हॉलसाठी पेंटर लावाल तेव्हा ‘पूर्ण हॉल अमुक रुपये’ असं उक्तं ठरवू नका. मोजमाप चौरस फुटात, पुट्टी कुठे आणि किती हात, प्रायमर कोणता, रंगाचं नाव आणि शेड नंबर, सामान कोणाचं, हे सगळं कागदावर लिहून घ्या. घराच्या कार्पेट एरियाची साडेतीन पट करून आकडा सांगायची पद्धत आहे. त्यापेक्षा टेप लावून मोजलेलं बरं. डबे सीलबंद आणा आणि तुमच्यासमोर उघडायला सांगा. पैसे टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचे दहा टक्के सकाळच्या उजेडात सगळ्या भिंती बघून झाल्यावर. पाच वर्षांच्या गॅरंटीत नेमकं काय येतं तेही लिहून मागा. गळतीमुळे आलेले पोपडे त्यात धरलेले नसतात, असं बहुधा तेव्हाच कळेल.

उरलेला अर्धा लिटर रंग टाकू नका. घट्ट झाकणाच्या लहान बरणीत, वरपर्यंत भरून ठेवा. हवा कमी राहिली की साय धरत नाही. झाकणावर खोली, शेड नंबर आणि महिना लिहा. वर्ष-दीड वर्षापर्यंत खिळ्याच्या भोकापुरता टच-अप त्यातून होतो. त्यानंतर भिंतीचा रंग उन्हाने बदललेला असतो, तेव्हा ठिगळ मारण्यापेक्षा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण रंगवा.